डेसिबल राहू द्या, घड्याळ बघा

"मोबाईलवर ९२ डेसिबल दाखवतंय, हा पुरावा चालेल का?" बेळगावच्या टिळकवाडी, शहापूर, अनगोळपासून निपाणीपर्यंत हा प्रश्न गणपतीच्या आधी महिनाभर सुरू होतो. तुळशीचं लग्न लागलं की मंगल कार्यालयांच्या लॉनवरच्या वरातींमुळे तो पुन्हा डोकं वर काढतो. त्याच्या मागोमाग बाकीचे प्रश्न येतात: तक्रार मराठीत दिली तर घेतात का, नाव मंडळाच्या पोरांना कळेल का, शेजारच्याने पालापाचोळा पेटवला तर पोलिसांत जायचं की महापालिकेत, आणि समोरच्या दुकानाचा फोकस रात्रभर बेडरूमच्या भिंतीवर पडतो त्याची दाद कुणाकडे मागायची.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच समज आहे. प्रदूषण म्हणजे प्रमाण, आणि प्रमाण मोजून दाखवल्याशिवाय तक्रार उभी राहत नाही. हे अर्धंच खरं आहे, आणि या अर्ध्या सत्यामुळेच बहुतेक तक्रारी पहिल्याच पायरीवर मरतात. कायद्यात दोन तऱ्हांचे नियम आहेत. काही मापाचे: अमुक डेसिबलच्या वर नको, हवेत तमुक मायक्रोग्रॅमच्या वर धूळ नको. ते मोजायला यंत्र लागतं, माणूस लागतो, आणि तो येईपर्यंत डॉल्बीवाला ट्रॉली घेऊन घरी गेलेला असतो. दुसरे नियम वेळेचे, जागेचे आणि परवानगीचे: रात्री दहानंतर नको, रस्त्यावर नको, कागदाशिवाय नको. इथे मोजायचं काही नसतं. घड्याळ, जागा आणि कागद एवढंच बघायचं असतं. तुमची तक्रार शक्यतो या दुसऱ्या तऱ्हेच्या नियमावर उभी करा. पुढचं सगळं या एकाच सल्ल्याचा विस्तार आहे.

रात्रीवरच एवढा भर कशासाठी

आवाज, धूर आणि उजेड हे तिन्ही दिवसा त्रास देतात आणि रात्री इजा करतात. झोपलेल्या माणसाचे डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. आवाज येतच राहतो, नाडी आणि रक्तदाब वर जातात, झोपेचा थर उथळ होतो. सकाळी यातलं काही आठवत नाही, म्हणून "मला काही त्रास होत नाही, मी गाढ झोपतो" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला फक्त ठाऊक नसतं. वर्षानुवर्षं असं चाललं की उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल सुचवली. आपल्याकडे निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ च आहे, आणि ती त्याच्या कितीतरी आधीपासून. नियम करण्यात आपण मागे नाही.

उजेडाचंही तसंच. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन तयार होतं आणि झोप येते. डोळ्यांवर उजेड, त्यातही निळसर पांढऱ्या एलईडीचा उजेड पडत राहिला की ते लांबतं. धुराची गोष्ट थोडी वेगळी आहे. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार राहते, आणि धूर वर जायचा सोडून नाकाच्या उंचीवर पसरतो. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरच्या बेळगावात डिसेंबरच्या पहाटे सहाला पेटवलेला ढीग आणि दुपारी दोनला पेटवलेला तोच ढीग, यांत शेजाऱ्याच्या फुप्फुसाला फरक पडतो तो यामुळे. पेटवणाऱ्याला मात्र पहाटेची वेळ 'कुणाला त्रास नको' म्हणून सोयीची वाटते.

आवाज: नियम नेमका काय आहे

आधार एकच लक्षात ठेवा: 'ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००'. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खालचे हे केंद्राचे नियम आहेत, त्यामुळे बेळगावात आणि कोल्हापुरात ते सारखेच लागू आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. मर्यादा अशा:

- निवासी भाग: दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल
- व्यापारी भाग: दिवसा ६५, रात्री ५५
- औद्योगिक भाग: दिवसा ७५, रात्री ७०
- शांतता क्षेत्र: दिवसा ५०, रात्री ४०

आता मोबाईलच्या ९२ चं काय होतं ते पाहा. वरचे आकडे काही काळाच्या सरासरीचे आहेत; तुमच्या ॲपने दाखवलेला आकडा बहुधा त्या क्षणाचा. फोनचा माईक बोलणं टिपायला बनवलेला, तो तपासून प्रमाणित केलेला नसतो. तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: कायद्याचं माप 'ए' पट्टीवरचं आहे, आणि ही पट्टी खालच्या सुरांचा आवाज कमी धरते. खिडकीची तावदानं थरथरतात, कपाटातली भांडी वाजतात, छातीत दणका बसतो, तो डॉल्बीचा सगळ्यात खालचा ठोका मीटरवर तेवढा उमटतच नाही. म्हणजे आकड्यांच्या वादात शिरलात तर तुम्हाला सर्वांत जास्त ज्याचा त्रास होतो तीच गोष्ट सर्वांत कमी मोजली जाणार. व्हिडिओ जरूर घ्या, ॲपचा आकडा त्यात दिसला तरी बिघडत नाही, पण तक्रार त्यावर टेकवू नका.

टेकवायची कशावर, ते नियम ७ मध्येच लिहिलं आहे. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त वर गेला तर तक्रार करता येते; किंवा रात्रीच्या निर्बंधांपैकी कोणताही मोडला तर तक्रार करता येते. या 'किंवा'मध्ये तुमचं काम आहे. पहिल्या अर्ध्याला मीटर हवा, दुसऱ्या अर्ध्याला दहा वाजून पाच मिनिटं झालेली पुरतात.

रात्रीचे निर्बंध वाटतात त्यापेक्षा रुंद आहेत. ध्वनिक्षेपकाबरोबर आवाज काढणारं कोणतंही साधन आणि वाद्य त्यात येतं, तेव्हा "आम्ही डॉल्बी लावला नाही, ढोल-ताशा आहे" हे उत्तर रात्री दहानंतर चालत नाही. सूट आहे ती बंदिस्त जागेला, म्हणजे सभागृहाला, आत बसलेल्यांपुरती. कार्यालयाचं लॉन, मांडव, गच्ची या जागा बंदिस्त नाहीत. निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला, आवाजी फटाके फोडायला आणि बांधकामाची दणदणाट करणारी यंत्रं चालवायलाही मनाई आहे. रात्री अकराला काँक्रीट मिक्सर फिरत असेल तर ठेकेदाराचं "उद्या स्लॅब आहे" हे कारण ऐकून घ्यायची गरज नाही.

सणांसाठी राज्य सरकार वर्षात एकूण १५ दिवसांपर्यंत रात्री १० ते १२ अशी सवलत देऊ शकतं. बारानंतरची सवलत या नियमात कुणालाच देता येत नाही. दिवसाही ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागतेच. म्हणून "परवानगी आहे" असं कुणी म्हटलं तर वाद न घालता एवढंच विचारा: कागद दाखवा, त्यावर वेळ काय आहे?

तक्रार कशी द्याल

आवाज चालू असताना ११२ वर फोन करा. ठिकाण सांगताना खूण नेमकी द्या. 'आरपीडी कॉलेजजवळ' पेक्षा रस्त्याचं नाव, क्रॉस, समोरचं दुकान. फोनची वेळ लिहून ठेवा, नोंदीचा क्रमांक विचारा. वीस मिनिटांनी आवाज तसाच असेल तर पुन्हा फोन करा आणि पहिल्या फोनचा उल्लेख करा. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्या, एक प्रत शिक्का मारून परत घ्या. बेळगाव शहरात प्रत पोलीस आयुक्तांना पाठवा. निपाणी आयुक्तालयाच्या हद्दीत येत नाही, तिथे प्रत जिल्हा पोलीसप्रमुखांना आणि उपविभागाच्या पोलीस उपअधीक्षकांना. कारण नियमांत 'प्राधिकारी' म्हणून जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षकाच्या खाली नसलेला नेमलेला अधिकारी येतो. ठाण्यातला हवालदार आवाज बंद करून जाईल, पण लेखी आदेश काढायचा अधिकार वर आहे.

अर्ज एका पानाच्या आत ठेवा. असा काहीतरी:

"आमच्या घरासमोरील लॉनवर दि. … रोजी रात्री १०.१० ते १२.४० पर्यंत ध्वनिक्षेपक चालू होता. जागा उघडी आहे. रात्री १०.१५ व ११.०५ ला ११२ वर कळवले (नोंद क्र. …). ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील नियम ५ चा हा भंग आहे. नियम ७ प्रमाणे ही तक्रार देत आहोत. या जागी पुढील कार्यक्रमांसाठी नियम ८ प्रमाणे लेखी आदेश द्यावा, ही विनंती."

यात डेसिबल नाही, रडारड नाही, शेजाऱ्याच्या स्वभावाचं वर्णन नाही. नियम ८ चा उल्लेख गाळू नका. तो प्राधिकाऱ्याला वाद्य, ध्वनिक्षेपक पुढे वाजवण्यावर बंदी किंवा अटी घालण्याचा अधिकार देतो आणि त्यासाठी तक्रारदाराकडून मिळालेली माहितीही चालते. एकदा होऊन गेलेल्या वरातीची तक्रार करून पदरात फारसं पडत नाही. त्याच जागी दर आठवड्याला होणाऱ्या वरातींवर आदेश मिळाला तर सबंध हंगाम सुटतो.

भाषेचा प्रश्न सीमाभागात टाळता येत नाही. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे कोणत्याही गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठी अर्ज नाकारता येत नाही. पण हक्क बजावणं आणि काम होणं यांच्यात अंतर असतं. मराठी अर्जाला खाली कन्नड किंवा इंग्रजीत चार ओळींचा गोषवारा जोडलात तर तो फाईलमध्ये वाचला जाण्याची शक्यता वाढते, आणि तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. भाषेची लढाई वेगळी लढा. आवाजाच्या अर्जात ती मिसळली की आवाज बाजूला राहतो.

नाव कळण्याची भीती रास्त आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलं की तक्रारदाराची ओळख पडताळत बसू नका आणि ती समोरच्याला कळू देऊ नका. कर्नाटकावर हा निकाल बंधनकारक नाही, तरी अर्जात त्याचा दाखला देऊन नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. त्याहून पक्का उपाय म्हणजे आठ-दहा घरांनी मिळून सह्या करणं. एकट्याच्या सहीला चेहरा असतो, दहा सह्यांना गल्ली असते.

इथे घसराल

- शांतता क्षेत्र. "शेजारी दवाखाना आहे, म्हणजे शंभर मीटर शांतता क्षेत्र" हे २०१७ पूर्वी म्हणता येत होतं. ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्र ठरत नाही. टिळकवाडीत दर दुसऱ्या वळणावर शाळा किंवा हॉस्पिटल आहे, म्हणून हा मुद्दा मोहात पाडतो. अधिसूचनेचा कागद हातात नसेल तर त्यावर तक्रार उभी करू नका.
- पाच वर्षांची कैद. जुन्या लेखांत आणि फिरत्या संदेशांत ही शिक्षा अजून दिसते. जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैद काढून १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपये दंड आणला. अर्जात कैदेची धमकी लिहिलीत तर वाचणाऱ्याला तुमचा अभ्यास कळतो.
- व्हिडिओ. मूळ फाईल फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत कोर्टात अडते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं.
- सायलेन्सर. फटफट आवाज काढणाऱ्या दुचाकीची तक्रार वाहतूक पोलिसांकडे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४फ खाली. विनाकारण वाजवलेला हॉर्नही त्यातच. पहिल्यांदा १,००० रुपये, पुन्हा केल्यास २,०००. गाडीचा क्रमांक हवाच.

"पण सण आपला आहे"

सर्वांत वजनदार आक्षेप हा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. बेळगावात गणेशोत्सव आणि वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक हे केवळ सण नाहीत. मराठी बोलणाऱ्यांना आपण इथे आहोत हे वर्षातून दोनदा रस्त्यावर येऊन सांगण्याची ती जागा आहे. अशा वेळी आपल्याच माणसाने पोलिसांत अर्ज दिला, तर तो नियमाचा अर्ज न राहता फितुरीचा वाटतो. शिवाय भीती अशी की, नियम आमच्यावर चालवतील आणि इतरांना सोडतील.

यातला दुसरा भाग आधी घेऊ. नियम निवडून लावला जातो ही तक्रार खरी असेल तर तिच्यावरचा इलाज नियम सोडून देणं हा नाही, कारण मग निवडीची मोकळीक पूर्णपणे पोलिसांकडे जाते. दहाचं घड्याळ कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीला, भोंग्याला, जत्रेला, राजकीय सभेला आणि श्रीमंताच्या लग्नालाही तेच आहे. तुम्ही फक्त एकाच्याच विरुद्ध अर्ज देत असाल तर तो अर्ज कच्चा आहे, हे आधी स्वतःशी कबूल करा. वर्षभरात त्याच रस्त्यावर दहानंतर वाजलेल्या प्रत्येक गोष्टीची तारीख-वेळ एका वहीत लिहा, कुणाची होती ते नंतर. ती वही घेऊन गेलेला माणूस कुणाचा विरोधक म्हणून उडवून लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चर्चच्या ध्वनिक्षेपकाच्या खटल्यात सांगितलं ते सर्वांनाच लागू आहे: दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही.

आता पहिला भाग. टिळकांनी १९०५ साली बेळगावात सार्वजनिक गणपती बसवला तेव्हा विजेचा ध्वनिक्षेपक नव्हता. परंपरा म्हणून आपण ज्याला जपतो तो मेळा, लेझीम, झांज, चित्ररथ, देखावा. डॉल्बी ही भाड्याने आणलेली वस्तू आहे, आणि तिच्या भाड्यात मंडळाच्या वर्गणीचा मोठा घास जातो. कोल्हापूर-साताऱ्यात पोलिसांनी डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाची मोहीम चालवली तेव्हा उत्सव बंद पडला नाही. तेव्हा सणाला विरोध आणि भिंतीएवढ्या स्पीकरला विरोध एकच मानू नका, आणि मंडळालाही तसं मानू देऊ नका. त्यासाठी बोलायची वेळ मिरवणुकीची रात्र नाही, आषाढातली वर्गणीची बैठक आहे. सुपारी द्यायच्या आधी. एकदा ट्रॉली ठरली की अध्यक्षालाही मागे फिरता येत नाही.

"एका रात्रीचा प्रश्न आहे, सहन करा" हा आक्षेप कानाला ठाऊक नाही. दिवसभराच्या कामासाठी सुरक्षित मानलेली पातळी ८५ डेसिबलला ८ तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. हिशेब करा: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणारा पोरगा चार-पाच तास तिथे असतो. कानातल्या केशपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्याच्या घरच्यांना डेसिबल समजावू नका. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजते का, एवढं विचारा.

धूर आणि धूळ: इथेही माप मागू नका

हवेच्या बाबतीत मापाचा मोह आणखी वाढतो, कारण मोबाईलवर हवेचा निर्देशांक दिसतो. राष्ट्रीय मानक सूक्ष्म कणांसाठी २४ तासांचं ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. पण तो निर्देशांक शहरातल्या एखाद्या केंद्राचा असतो, तुमच्या गल्लीचा नसतो. शिवाय 'राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमा'त कर्नाटकातली बेंगळुरू, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी ही शहरं आहेत, बेळगाव नाही. या यादीत नसणं म्हणजे हवा चांगली असल्याचं प्रमाणपत्र कुणी समजू नये, तसा खास निधी आणि आराखडा नाही एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा कृतीवर बोट ठेवा. कचरा जाळणं हीच मनाई असलेली कृती आहे, धूर किती निघाला हा प्रश्नच नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घालून साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. टिळकवाडीसारख्या जुन्या बंगल्यांच्या, झाडांच्या वस्तीत जळणारा ढीग बहुतेक वेळा पालापाचोळ्याचाच असतो. जवळून पाहिलंत तर त्यात दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, कुरिअरची चिकटपट्टी सापडते. ओल्या पानांमुळे ढीग धड पेटत नाही, धुमसतो, पांढरा जाड धूर सोडतो, आणि प्लास्टिक त्या कमी आचेवर जळतं. दम्याच्या माणसाला यापेक्षा वाईट मिश्रण नाही. फोटो काढा तो ढीग आणि मागची ओळखता येणारी खूण एकत्र येईल असा. तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. जाळणारा सफाई कामगारच असेल तर त्याच्यावर ओरडू नका. पाचोळा उचलायला गाडी का येत नाही, हे त्याच्या वरिष्ठाला लेखी विचारा.

बांधकामाच्या धुळीतही जागा आणि परवानगी हाच धागा धरा. फूटपाथवर टाकलेली वाळू-खडी म्हणजे सार्वजनिक जागा अडवणं, त्याला परवानगी लागते. तिची प्रत मागा. धुळीचं प्रमाण कुणालाच मोजावं लागणार नाही. उद्यमबागेतल्या फाऊंड्या आणि इतर कारखाने हे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीवर चालतात. त्या संमतीपत्रात धुराड्याची उंची, गाळणी, कामाच्या अटी लिहिलेल्या असतात. "हजारो पोटं त्यावर चालतात" हे खरंच आहे, आणि म्हणूनच कारखाना बंद करा अशी मागणी करू नका. अट पाळा अशी करा. पहिल्या मागणीला कामगार तुमच्याविरुद्ध उभे राहतात, दुसरीला राहत नाहीत, कारण तोच धूर आधी त्यांच्या नाकात जातो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत तर हे उघड दिसतं. बाहेरच्या रस्त्यावर वास येतो तेवढाच, आत चाळणीवर बसलेल्या बायका दिवसभर खकाणा ओढत असतात. आतल्या हवेची तक्रार प्रदूषण मंडळाकडे जात नाही, ती कारखाने व बॉयलर खात्याकडे करावी लागते.

रेल्वे गेट पडलं की इंजिन बंद करा, ही सूचना किरकोळ वाटेल. गेटपाशी दोन्ही बाजूंना उभी राहिलेली रांग आणि तिच्या शेजारून दप्तर घेऊन चालणारी मुलं, एवढं चित्र डोळ्यांपुढे आणा. मुलाच्या नाकाची उंची आणि सायलेन्सरची उंची यांत फारसं अंतर नसतं.

उजेड: कायदा तोकडा, उपाय सोपा

इथे सरळ सांगायला हवं की प्रकाशप्रदूषणाचा वेगळा केंद्रीय कायदा भारतात नाही. मर्यादेचा आकडा नाही, म्हणून माप घेऊन जायचा प्रश्नच येत नाही. तक्रार उभी राहते ती उपद्रवाची.

आधी एक तपासणी करा. रात्री दिवे मालवून अंथरुणावर पडा आणि खिडकीबाहेर बघा. उजेड दिसतो की दिव्याचा गोळाच दिसतो? गोळा दिसत असेल तर दिव्याचं तोंड चुकीचं आहे. रस्त्यासाठी लावलेला उजेड तुमच्या घरात सांडतोय, म्हणजे ज्याने वीजबिल भरलं त्याचंही नुकसानच. अशा वेळी दिवा काढा म्हणू नका. तोंड खाली करा, वर पत्र्याची टोपी बसवा, रात्री अकरानंतर मंद करा, पिवळसर बल्ब लावा, यातलं एक मागा. रस्त्यावरचा दिवा असेल तर खांबाचा क्रमांक देऊन महापालिकेकडे अर्ज द्या. दुकानाचा फलक असेल तर आधी दुकानदाराशी बोला; बहुतेकांना आपला फोकस कुठवर जातो याची कल्पना नसते.

"उजेड कमी केला तर चोऱ्या वाढतील" असा आक्षेप येईलच. डोळ्यांत घुसणारा दिवा उलट दिपवतो. त्याच्या पलीकडच्या सावलीत उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. खाली वळवलेल्या कमी शक्तीच्या दिव्यात रस्ता जास्त स्वच्छ दिसतो. सुरक्षिततेचा मुद्दा तुमच्याच बाजूचा आहे, तो समोरच्याला देऊन टाकू नका.

झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा हा वेगळा विषय. दिव्यालगतच्या झाडांची पानगळ लांबते, कारण झाड ऋतू ओळखतं ते रात्रीच्या लांबीवरून. पक्ष्यांना झोपायला जागा राहत नाही, किडे दिव्याभोवती फिरून मरतात आणि त्यांच्यावर जगणाऱ्या वटवाघळांचा व पाकोळ्यांचा घास जातो. विदर्भातलं पेंच हे जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं. तिथे जंगलाभोवतीच्या गावांतले दिवे बदलले, अंधार केला नाही. मिरवणुकीतल्या लेसरबद्दल मात्र तडजोड नको. कोल्हापूर-पुण्यात मिरवणुकीच्या लेसरने दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या घटना पुढे आल्या, आणि पुण्यात पोलिसांनी मनाई आदेश काढले. लेसरचा झोत थेट डोळ्यांत गेला तर पापणी मिटायच्या आत नुकसान झालेलं असतं. तेव्हा वर्गणीच्या त्याच बैठकीत हेही बोला.

कुणी ऐकलंच नाही तर

पंधरा दिवसांत उत्तर नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. इथे भाषेचा नियम वेगळा आहे: कलम ३५० चा हक्क गाऱ्हाण्याच्या अर्जाला आहे, माहितीचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेतच द्यावा लागतो. निपाणी-बेळगावात म्हणजे कन्नड, हिंदी किंवा इंग्रजी. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न लांबलचक नकोत. "दि. … च्या कार्यक्रमास ध्वनिक्षेपकाची दिलेली परवानगी, तिची प्रत, आणि माझ्या दि. … च्या तक्रारीवर केलेली कार्यवाही" एवढं पुरतं.

आवाज, धूर किंवा उजेड कायमचा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ प्रमाणे कार्यकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश मागता येतो. उजेडासाठी हाच मार्ग त्यातल्या त्यात हाताला लागणारा. दिवाणी न्यायालयात दोन किंवा अधिक व्यक्ती मिळून, न्यायालयाच्या परवानगीने, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली दावा लावू शकतात. स्वतःचं वेगळं नुकसान दाखवायची त्यात अट नाही.

हरित लवादाचा रस्ता धरणाऱ्यांनी सीमारेषा बघावी. पुण्याचं खंडपीठ जवळ वाटतं, पण ते महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातकडचं. कर्नाटकाचा अर्ज चेन्नईच्या दक्षिण खंडपीठाकडे. याउलट निपाणीच्या घराला त्रास कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या धुराचा होत असेल, तर उगम महाराष्ट्रात आहे; तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाकडे करा आणि प्रत कर्नाटक मंडळाला द्या. धूर नाका ओळखत नाही, कार्यालयं ओळखतात. लवादाकडे जाण्याची मुदत कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने आहे, म्हणून वहीतली पहिली तारीख जपा.